कॉइलवरचा बर्फ आणि वाट चुकलेली हवा

आजचा विषय कागदावर जरा रूक्ष दिसतो: हीट एक्स्चेंजरमधून हवा सगळीकडे सारखी कशी खेळवायची, आणि त्याच्यावर बर्फ कसा साचू द्यायचा नाही. पण त्यात शिरायला घरातलाच एक प्रश्न पुरेसा आहे. मे महिन्यात खोलीत २८ अंश तापमान असताना एसीच्या आत बर्फ कसा काय जमतो?

बहुतेक जण म्हणतात, "मशीन जास्त गार करत असेल." प्रत्यक्षात तेव्हा खोली नीट गार होत नसते, म्हणून तर मेकॅनिकला बोलावलेलं असतं. तो येतो, पुढची जाळी काढतो, धुळीचा जाड थर दाखवतो आणि जाळी धुऊन देतो. बर्फ वितळतो, एसी पुन्हा चालू लागतो. जाळीतल्या धुळीचा आणि बर्फाचा काय संबंध? तो समजला की आजचा अर्धा विषय समजला.

कॉइल म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन. नळीच्या आत रेफ्रिजरंट, ज्याला आपण सरसकट 'गॅस' म्हणतो, तो द्रवरूपात येतो आणि उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो फिनमधून जाणाऱ्या हवेकडून घेतो. हवा भरपूर असेल तर तो शून्याच्या बराच वर उकळतो. कॉइलवर पाणी सुटतं, पण गोठत नाही. जाळी तुंबली की हवा कमी, म्हणजे गॅसला मिळणारी उष्णताही कमी. कॉम्प्रेसर मात्र पहिल्याच जोमाने गॅस ओढत राहतो. मग आतला दाब घसरतो, उकळण्याचं तापमान खाली येतं आणि एका क्षणी शून्य ओलांडतं. कॉइलवरचं पाणी तिथेच गोठतं. बर्फ फटी बुजवतो, हवा आणखी कमी होते, तापमान आणखी घसरतं.

म्हणजे एसीतला बर्फ हा बहुतेक वेळा हवा कमी पडल्याचा पुरावा असतो. (गॅस कमी झाला तरीही बर्फ येतो, त्याकडे पुढे येऊ.) हे चक्र डोक्यात पक्कं ठेवा, कारण आता आपण जिथे जाणार आहोत तिथे कॉइल मुळातच शून्याखाली चालते आणि नुकसान लाखांत जातं.

द्राक्षांची खोली

आम्ही उदाहरण घेतलं आहे द्राक्षांच्या प्री-कूलिंगचं. नाशिक, सांगली या पट्ट्यांत जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षाची काढणी चालते. निर्यातीचा माल बराचसा न्हावा शेवा बंदरातून कंटेनरने युरोपला जातो, तीन-चार आठवड्यांचा प्रवास करून. द्राक्ष काढल्यावर पिकत नाही, फक्त म्हातारं होतं. आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी मऊ होतो, मग सुटतो. त्याला रोखायचं तर काढणीनंतर शक्य तितक्या लवकर मण्याचं आतलं तापमान ४ अंशांच्या खाली आणायचं, आणि पुढे शून्याच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवायचं. साधारण सहा-आठ तासांत मण्यातली उष्णता काढून घेण्याच्या या कामाला प्री-कूलिंग म्हणतात. त्यानंतर पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात, आतली पिशवी बंद करतात आणि पेट्या कोल्ड स्टोरेजमध्ये जातात.

आता गणित करू. समजा खोलीत ५ टन द्राक्षं आली, मण्याचं तापमान ३० अंश आणि हवा शून्य अंशाची. फळं थंड होण्याचा नियम साधा आहे. फळ आणि हवा यांच्यातला फरक अर्धा व्हायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ उरलेला फरक पुन्हा अर्धा व्हायला लागतो. हा अर्धा वेळ २ तासांचा असेल तर २ तासांनी १५ अंश, ४ तासांनी ७.५ आणि ६ तासांनी ३.७५. काम झालं.

पण उष्णता कशी निघते बघा. एक किलो द्राक्षांचं तापमान एक अंशाने उतरवायला साधारण ३.६ किलोज्यूल काढावे लागतात. पहिल्या दोन तासांत १५ अंश उतरले, म्हणजे ५ टनांतून सुमारे ७५ युनिट उष्णता बाहेर आली. शेवटच्या दोन तासांत पावणेचार अंशच उतरले, म्हणजे १९ युनिटसुद्धा नाहीत. पहिला भार शेवटच्या भाराच्या चौपट. मशीन निवडलेलं असतं पहिल्या भारासाठी. शेवटी उष्णता कमी मिळते आणि कॉम्प्रेसर तेवढ्याच जोमाने ओढतो. मघाचा एसी आठवला ना? तीच गोष्ट. कॉइलचं तापमान शेवटच्या टप्प्यात सर्वांत खाली जातं आणि बर्फही तेव्हाच झपाट्याने चढतो. म्हणून प्री-कूलिंगच्या खोलीला कमी-जास्त होणारा कॉम्प्रेसर लागतो. ते जमत नसेल तर निदान दोन छोटे कॉम्प्रेसर, म्हणजे शेवटी एक बंद करता येतो.

बर्फ आला कुठून?

कॉइलवर जमलेला बर्फ म्हणजे हवेतलं पाणी. हवेत ते येतं तीन ठिकाणांहून: दारातून, ओल्या वस्तूंतून आणि खुद्द मालातून.

आधी दार घेऊ. नाशिकमध्ये मार्चच्या दुपारी ३५ अंश आणि २५ टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम पाणी असतं. खोलीतल्या शून्य अंशाच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत असतं ४.४ ग्रॅम. म्हणजे बाहेरची हवा 'कोरडी' वाटली तरी तिच्यात आतल्यापेक्षा दुपटीहून जास्त पाणी आहे. हीच खोली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असती, मे महिन्यात, ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत, तर तो आकडा २३-२४ ग्रॅमपर्यंत गेला असता. एकाच नकाशावर बांधलेल्या दोन खोल्या एकीकडे नीट चालतात आणि दुसरीकडे बर्फाने भरतात, ते यामुळे.

ओल्या वस्तू म्हणजे धुऊन तशाच आत आणलेले क्रेट, जमिनीवर साचलेलं पाणी, ओली पॅलेट. यांच्यावर खर्च काहीच नाही, फक्त शिस्त लागते.

तिसरा स्रोत महत्त्वाचा, कारण तो दिसत नाही. समजा प्री-कूलिंगमध्ये द्राक्षांचं वजन फक्त अर्धा टक्का घटलं. ५ टनांचा अर्धा टक्का म्हणजे २५ किलो. हे २५ किलो पाणी हवेत गेलं आणि हवेतून कॉइलवर. बागेत शेतकऱ्याने ज्या पाण्याला ठिबकने, खताने, फवारणीने सांभाळून मण्यात भरलं, ते आता फिनमध्ये बर्फ होऊन बसलं आहे. ते वजन गेलं, आणि सर्वांत आधी ते देठातून गेलं, कारण देठ बारीक आणि उघडा. युरोपातला खरेदीदार पेटी उघडून पहिली नजर टाकतो ती देठावर.

आता कॉइलच्या तापमानाचा संबंध बघा. खोलीतल्या हवेत ४.४ ग्रॅम पाणी आहे. कॉइल उणे ४ अंशांवर असेल तर तिच्या पृष्ठभागाला टेकलेली हवा जास्तीत जास्त ३.५ ग्रॅम धरू शकते; बाकीचं सुमारे ०.९ ग्रॅम तिथे सोडते. कॉइल उणे ८ वर नेली तर हवा २.५ ग्रॅमच धरते, म्हणजे १.९ ग्रॅम सोडते. प्रत्येक घनमीटरमागे दुपटीहून जास्त. खोलीतली हवा त्या प्रमाणात कोरडी होते आणि ही तहान भागवायला तिच्यासमोर एकच गोष्ट असते: द्राक्षं.

म्हणून आम्ही पॅकहाउसमध्ये गेलो की एक बादली मागतो. डिफ्रॉस्टचं पाणी ज्या नळीतून बाहेर येतं, तिच्याखाली बादली ठेवा आणि दर खेपेला किती लिटर आलं ते वहीत लिहा. रिकाम्या खोलीत, दार नेहमीसारखं उघड-बंद करून, एक दिवस मोजा. ते पाणी दाराचं. माल भरल्यावर जे जास्तीचं येतं ते बहुतेक मालाचं. याहून स्वस्त मीटर मिळणार नाही.

हवा सोपी वाट धरते

आता दुसरा भाग, हवेचा. प्री-कूलिंगच्या खोलीत पॅलेटच्या दोन रांगा लावतात, मधे गल्ली सोडतात, गल्लीवर आणि पुढच्या तोंडावर ताडपत्री टाकतात, आणि टोकाचा पंखा गल्लीतली हवा ओढतो. गल्लीत दाब कमी झाला की खोलीतली थंड हवा पेट्यांच्या छिद्रांतून, घडांमधून वाट काढत गल्लीत येते. कल्पना उत्तम. पण हवेला द्राक्षं थंड करण्यात रस नाही, तिला फक्त पलीकडे जायचं असतं. जिथे अडथळा कमी तिथून ती जाणार.

समजा ५ किलोची पेटी आहे, लांब बाजू ५० सेंटिमीटर आणि उंची १२. त्या बाजूचं क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर. अशा प्री-कूलिंगसाठी बाजूच्या निदान ५ टक्के छिद्रं असावीत अशी शिफारस असते, म्हणजे ३० चौरस सेंटिमीटर. आता दोन पॅलेट शेजारी ठेवताना मधे ४ सेंटिमीटरची फट राहिली. थप्पी दीड मीटर उंच. फटीचं क्षेत्रफळ झालं ६०० चौरस सेंटिमीटर. एक फट म्हणजे वीस पेट्यांची छिद्रं! शिवाय पेटीत शिरलेल्या हवेला पुढे घड, पाउच, कागद आडवे येतात. फटीत काहीच येत नाही. म्हणजे प्रत्यक्षात ती फट वीस पेट्यांपेक्षाही जास्त हवा पिऊन टाकते. पॅलेटच्या तळाशी लाकडांमधली मोकळी जागा उघडी राहिली तर तेच.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे पेट्यांची आलटून-पालटून रचना. थप्पी पडू नये म्हणून एक थर उभा, एक आडवा लावतात. थप्पी पक्की होते, पण एका पेटीची छिद्रं दुसरीच्या भिंतीवर येतात आणि वाट बंद होते. छिद्रासमोर छिद्र आलंच पाहिजे. थप्पीला पक्केपणा पट्ट्यांनी आणि कोपऱ्याच्या अँगलने द्यायचा.

आता मुख्य मुद्दा. ज्या पेट्यांना हवा कमी मिळाली, त्यांचा अर्धा वेळ २ तासांवरून ३ तासांवर गेला. ६ तासांनी बाकीच्या पेट्या ३.७५ अंशांवर आहेत, या अजून ७.५ वर. सुपरवायझर थर्मामीटर खुपसतो, आकडा बघतो आणि म्हणतो, "थंडी कमी पडतेय, सेटिंग उतरवा." सेटिंग उतरवलं. कॉइल उणे ८ वर गेली. बर्फ वाढला. बर्फाने हवा कमी केली. ज्यांना आधीच हवा कमी होती, त्या पेट्यांना आणखी कमी मिळाली. आणि पंख्याच्या तोंडाशी असलेल्या, भरपूर हवा मिळणाऱ्या पेट्यांत देठ गोठायला लागले. देठात साखर कमी, तो मण्याच्या आधी गोठतो. एकाच खोलीत एका टोकाला गरम माल आणि दुसऱ्या टोकाला गोठलेला. त्या खोलीत थंडी पुरेशी होती, ती चुकीच्या वाटेने जात होती.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे: हवेचं वाटप आणि कॉइलवरचा बर्फ हे दोन वेगळे दोष समजू नका. एकाचा उपाय न करता दुसऱ्यावर पैसे घातले तर ते वाया जातात. मोठा हीटर बसवून बर्फ वितळवाल, पण फट तशीच राहिली तर उद्या तेवढाच बर्फ परत येईल.

फिनमधली जागा

बर्फ नेमकं काय बिघडवतो? दोन गोष्टी. एक, तो उष्णता नीट वाहत नाही. ठोस बर्फातून ॲल्युमिनियमच्या साधारण शंभराव्या हिश्श्याने उष्णता जाते आणि कॉइलवरचा भुसभुशीत थर तर त्याहूनही वाईट, कारण त्यात हवा अडकलेली असते. दोन, तो वाट बुजवतो. आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा भारी पडते.

दोन फिनमध्ये ४ मिलिमीटर जागा आहे आणि दोन्ही बाजूंना १-१ मिलिमीटर बर्फ बसला असं धरा. जागा निम्मी उरली. अरुंद फटीतून शांतपणे जाणाऱ्या हवेसाठी नियम असा की फट निम्मी झाली की तेवढीच हवा ढकलायला आठपट दाब लागतो. तोच १ मिलिमीटर बर्फ ६ मिलिमीटरच्या जागेत बसला तर साधारण साडेतीन पट आणि १० मिलिमीटरच्या जागेत दुप्पट. घरच्या एसीत फिन दाट असतात, दीड-दोन मिलिमीटरवर. तिथे बर्फ अपेक्षितच नाही. शून्याजवळच्या खोलीत ४ ते ६ मिलिमीटर आणि गोठवण्याच्या खोलीत त्याहून जास्त अंतर ठेवतात ते याच हिशोबाने. कोणी स्वस्तात दाट फिनची कॉइल देत असेल तर हा आठाचा आकडा आठवा.

त्यात कॉइलचे साधे पंखे, म्हणजे पात्यांचे, जास्त दाब देऊच शकत नाहीत. विरोध वाढला की ते फिरत राहतात, आवाजही करतात, पण हवा देत नाहीत. बाहेरून सगळं ठीक दिसतं.

ओलसर हवा आधी कॉइलच्या पुढच्या रांगांना भेटते, म्हणून बर्फही तिथेच दाट होतो आणि मागच्या रांगा कोऱ्या राहतात. चांगल्या कॉइलमध्ये पुढच्या रांगांना फिन विरळ आणि मागच्यांना दाट असतात. बर्फ सगळीकडे वाटला जातो आणि दोन डिफ्रॉस्टमधला वेळ वाढतो.

काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

पहिलं, ओलावा आत येऊ देऊ नका. दाराला पट्ट्यांचा पडदा, शक्य असेल तर दाराआधी एक छोटी थंड खोली, दाराचं रबर धड, क्रेट कोरडे. काढणी पहाटे करा; मणी जितका कमी तापलेला येईल तितकी उष्णता कमी आणि त्याचं पाणीही कमी उडतं.

दुसरं, हवेची वाट. फटी ताडपत्रीने, फोमने, प्रसंगी पुठ्ठ्याने बंद. पॅलेटचा तळ झाकलेला. ताडपत्री मधे लोंबकळत नाही ना, हे बघा. कोल्ड स्टोरेजच्या खोलीत कॉइलच्या मागे भिंतीपासून निदान कॉइलच्या उंचीएवढी जागा, नाहीतर ती हवा ओढणार कुठून? थप्प्या हवेच्या दिशेला समांतर आणि छताच्या खाली मोकळी जागा. तपासायला उदबत्ती पुरते. एकाने उदबत्ती धरून फटींजवळून फिरायचं. धूर कुठे झपकन ओढला जातो ते बघायचं. पेट्यांच्या छिद्रांत जात असेल तर उत्तम, कोपऱ्यात जात असेल तर तिथे काम आहे. आणि थर्मामीटर एकाच पेटीत नको. जवळची, लांबची, वरची, खालची अशा निदान सहा-आठ पेट्यांत, मण्याच्या आत. खेप संपली की नाही, हे सर्वांत गरम पेटी ठरवते. सरासरीवर विसंबू नका.

तिसरं, कॉइल मोठी घ्या आणि कमी थंड चालवा. ९० टक्के आर्द्रता टिकवायची तर खोलीची हवा आणि गॅसचं उकळण्याचं तापमान यांत ४ ते ६ अंशांचाच फरक ठेवतात. फरक कमी तर कॉइलचा पृष्ठभाग जास्त लागतो, म्हणजे सुरुवातीचा खर्च जास्त. पण उकळण्याचं तापमान एक अंश वर ठेवलं की कॉम्प्रेसरची वीज साधारण २ ते ३ टक्के वाचते, आणि वजनघट वाचते ती वेगळी.

चौथं, आणि मुद्दाम शेवटी, डिफ्रॉस्ट. कितीही काळजी घेतली तरी शून्याखालच्या कॉइलवर बर्फ येणारच. तो वेळेवर आणि पूर्ण काढायचा. भाजीपाल्याची खोली ५-६ अंशांवर असेल तर कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसते पंखे चालवले तरी बर्फ जातो. द्राक्षांची खोली शून्यावर. शून्याची हवा बर्फ वितळवणार नाही. तिथे विजेचे हीटर, कॉम्प्रेसरचा गरम गॅस किंवा पाण्याचा फवारा लागतो.

क्रम असा ठेवा. गॅस बंद, पंखे बंद, मग उष्णता. कॉइलवरचा तापमापक शून्याच्या चांगला वर गेल्यावर, म्हणजे बर्फ खरोखर संपल्यावर, उष्णता बंद. मग काही मिनिटं पाणी निथळू द्या. मग गॅस चालू, पण पंखे अजून बंद, म्हणजे उरलेले थेंब कॉइललाच चिकटतील. आणि सगळ्यात शेवटी पंखे. ही शेवटची थांबण्याची पायरी गाळली तर पंखे ते थेंब आणि वाफ खोलीभर उडवतात. छतावर, पात्यांवर, पेट्यांवर बर्फ दिसतो तो त्यामुळे.

डिफ्रॉस्ट किती वेळा? घड्याळावर दिवसातून चार वेळा लावून ठेवणं सोपं, पण रिकाम्या खोलीलाही चार आणि भरलेल्या खोलीलाही चार, हे बरोबर नाही. मघाचा २५ किलो बर्फ नुसता वितळवायला सव्वादोन युनिटच्या आसपास उष्णता लागते. बिल त्याच्या कितीतरी पट येतं, कारण हीटर आधी धातू तापवतो, मग खोलीतली हवा, आणि ती उष्णता कॉम्प्रेसरला पुन्हा बाहेर काढावी लागते. विनाकारण केलेला प्रत्येक डिफ्रॉस्ट म्हणजे खोलीत आपणच लावलेली शेगडी. कॉइलच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक मोजणारा स्विच बसवला तर वाट खरोखर बुजायला लागली की तो सांगतो. प्री-कूलिंगला तर नैसर्गिक वेळ ठरलेलीच आहे: दोन खेपांच्या मधे. नवा माल आत येण्याआधी कॉइल पूर्ण स्वच्छ.

बर्फ वाचायला शिका

कॉइलवर बर्फ कसा बसलाय हे बघूनच अर्धं निदान होतं. सगळीकडे पातळ, सारखा पांढरा थर असेल तर तब्येत ठीक. फक्त गॅस शिरतो त्या बाजूच्या थोड्या नळ्यांवर बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी पोचतोय. गॅस गळतोय किंवा झडप नीट उघडत नाही. एकाआड एक नळ्या पांढऱ्या, मधल्या कोऱ्या असतील तर गॅस वाटणाऱ्या बारीक नळ्यांपैकी एखादी चेपली किंवा तुंबली आहे. हवेसारखंच गॅसचं वाटपही सारखं लागतं. तीनपैकी एका पंख्यासमोरच बर्फ दाट असेल तर तो पंखा बघा. बंद पंख्याच्या भोकातून शेजारच्या पंख्यांची हवा उलटी परत येते, म्हणून एक पंखा बंद म्हणजे तोटा फक्त एक तृतीयांश राहत नाही. पंखे फिरतायत पण हवा येत नाही, आणि नुकतंच वायरिंगचं काम झालंय? फेज उलटे लागून पंखे उलटे फिरत असतील. आणि तळाशी काचेसारखा घट्ट बर्फ असेल तर डिफ्रॉस्ट अर्धवट राहतोय किंवा पाणी जाण्याची नळी गोठली आहे. त्या नळीला खोलीच्या आत हीटर हवा आणि तिचा पाण्याचा ट्रॅप खोलीच्या बाहेर, उबदार जागी.

कंटेनरपर्यंत

एवढं करून माल कंटेनरमध्ये चढतो आणि तिथे हेच नियम पुन्हा लागू होतात. रेफर कंटेनरमध्ये थंड हवा खालून येते, इंग्रजी टी अक्षरासारख्या पट्ट्यांच्या फरशीतून, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत जाते. भिंतीवर लाल रेघ असते. तिच्या वर माल भरला की परतीची वाट बंद. दाराजवळची फरशी उघडी राहिली की हवा तिथूनच वर निघून जाते, पेट्यांना शिवतही नाही. बाहेरची हवा आत घेणारी झडप गरजेपेक्षा जास्त उघडी राहिली तर समुद्रावरची दमट हवा तीन आठवडे कॉइलवर बर्फ चढवत राहते.

आणि मुख्य म्हणजे कंटेनर माल थंड ठेवतो; गरम माल थंड करणं हे त्याचं काम नाही. ८ अंशांचा माल "जाता जाता होईल गार" म्हणून चढवला तर ते मशीन पहिले कित्येक दिवस त्या उष्णतेशी आणि त्या माल सोडत असलेल्या पाण्याशी झुंजत राहतं. समुद्रात बादली लावायला कोणी नाही आणि ताडपत्री सारखी करायलाही कोणी नाही.

शेवटी, दर वेळी येणारा एक प्रश्न. "आमची खोली जुनी आहे, कॉइल बदलायला पैसे नाहीत, मग काय करायचं?" या हंगामात कॉइलला हात लावू नका. बादली, आठ थर्मामीटर आणि उदबत्तीचा पुडा घ्या. आठवडाभर नोंदी करा. सर्वांत गरम आणि सर्वांत थंड पेटीतला फरक आणि डिफ्रॉस्टचं पाणी, हे दोन आकडे. फटी बंद करा, रचना सुधारा, मग सेटिंग एक-एक अंश वर आणत जा आणि पुन्हा नोंदी करा. गरम पेटीचा आकडा खाली येतोय आणि बादलीतलं पाणी कमी होतंय असं दिसलं, की समजा तेवढं पाणी मण्यात राहिलं. त्यानंतरही गरम पेटी उतरली नाही, तर मग कॉइलचा विचार करू, आणि तेव्हा तुमच्या हातात कंपनीला दाखवायला वही असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.